रत्नागिरीत नव्याने आलेल्या कुटुंबांसाठी : लहान मुलांसह सहली आणि जेवण

बदलीच्या किंवा नोकरीच्या निमित्ताने घाटावरून रत्नागिरीत राहायला येणाऱ्या कुटुंबांची पहिल्या महिन्यात हमखास एक चूक होते. पर्यटकांसाठी छापलेली स्थळांची यादी समोर ठेवून ती एकाच रविवारी गणपतीपुळे, मालगुंड, जयगड आणि परतीच्या वाटेवर आरे-वारे असा दौरा आखतात. मोठ्या माणसांना तो झेपतो. परंतु तीन-चार वर्षांच्या मुलाला वळणावळणांचा रस्ता, दमट हवा आणि चुकलेली जेवणाची वेळ एकत्र आली की दुपारनंतरचा सगळा दिवस रडण्यात आणि समजूत घालण्यात जातो. आम्हीही बाहेरूनच येऊन येथे स्थिरावलो आहोत. इतक्या वर्षांनंतर माझे मत असे झाले आहे की लहान मुलांसह कोकणात दिवस आखताना स्थळांपेक्षा तीन वेळा आधी पाहाव्यात : ओहोटीची, उन्हाची आणि खानावळीतील चुलीची. त्या जुळल्या की एकच ठिकाण दिवसभराला पुरते.

ओहोटीचे गणित येथील बहुतेक जुन्या माणसांना तोंडपाठ असते आणि ते कालनिर्णयावरूनही करता येते. तिथीच्या अंकाला तीनने गुणून चारने भागले की भरतीची साधारण वेळ मिळते. ती दिवसातून दोनदा, सकाळी आणि रात्री साधारण त्याच वेळी येते : अष्टमीला सहाच्या सुमारास, तर पौर्णिमेला आणि अमावास्येला (दोन्हींचा अंक पंधरा धरून) सव्वाअकराच्या सुमारास. त्यापुढे सुमारे सहा तासांनी पूर्ण ओहोटी असते. प्रत्यक्षात अर्ध्या-पाऊण तासाचा फरक पडू शकतो, पण सहल ठरवायला एवढा अंदाज पुरेसा आहे. याचा व्यावहारिक अर्थ असा की त्रयोदशीपासून प्रतिपदेपर्यंतच्या दिवसांत संध्याकाळी समुद्र दूर गेलेला असतो आणि मुलांना पळायला ओल्या, टणक वाळूचे मोठे मैदान मिळते. द्वितीया ते पंचमी या दिवसांत हीच सोय सकाळी होते. अष्टमीच्या आसपास संध्याकाळी गेल्यास मात्र पाणी वर चढलेले असते आणि मुलांना सांभाळण्यापलीकडे काही करता येत नाही.

ओहोटीच्या वाळूवर मुलांना खेळणी न्यावी लागत नाहीत. पाणी उतरल्यावर थोड्याच वेळात वाळूत लहान लहान बिळे उघडतात आणि प्रत्येक बिळाभोवती मोहरीएवढ्या वाळूच्या गोळ्यांची नक्षी उमटू लागते. बारीक खेकडे वाळूतील अन्नकण खाऊन उरलेली वाळू गोळी करून बाजूला टाकत असतात. पाऊल जवळ पडले की ते बिळात जातात आणि आपण स्तब्ध बसून राहिलो की पुन्हा बाहेर येतात. चार वर्षांचे मूल एरवी कशासाठीही इतका वेळ शांत बसत नाही. खडकाळ भागात शंखात राहणारे खेकडे आणि डबक्यात अडकलेले मासे दिसतात. परंतु तेथे मुलांच्या पायांत पट्ट्याची चप्पल असलीच पाहिजे, कारण खडकांना चिकटलेल्या कालवांच्या कडा पात्यासारख्या कापतात आणि शेवाळावरून पाय सटकतो.

यासाठी शहराजवळची सर्वांत सोयीची जागा म्हणजे भाट्ये. किनारा लांब आणि सपाट असून मागे सुरूचे बन आहे, त्यामुळे तान्ह्या बाळाला सावलीत घेऊन एकाला बसता येते. मात्र पुलाकडील टोकाला, म्हणजे काजळी नदीची खाडी समुद्राला मिळते तेथे, ओढ असते. तिकडे न जाता झरीविनायक मंदिराच्या दिशेला जावे. शहरातल्या मांडवी किनाऱ्याची वाळू काळसर आहे. तेथे खेळण्यापेक्षा संध्याकाळी जेटीवर फिरणे आणि भेळ खाणे अधिक चांगले. गणपतीपुळे आणि आरे-वारे येथील समुद्राविषयी मी कोणतीही सवलत देणार नाही. दोन्ही ठिकाणी पाण्याला ओढ आहे, बुडून मृत्यू झालेले आहेत, आणि बाहेरून आलेली माणसे गुडघाभर पाण्यात उभी दिसतात म्हणून तेथे मुलांना पाण्यात नेण्याचे कारण नाही. आरे-वारेचा समुद्र वरच्या रस्त्यावरूनच सर्वांत सुंदर दिसतो. पावसाळ्याचे चार महिने तर कोणत्याही किनाऱ्यावर पाण्यात पाऊल टाकू नये.

उन्हाच्या वेळेसाठी, साधारण अकरा ते चार, छपराखालची ठिकाणे राखून ठेवावीत. झाडगाव येथील सागरी संशोधन केंद्राचे मत्स्यालय हे लहान मुलांसाठी माझ्या दृष्टीने शहरातील सर्वांत उत्तम स्थळ आहे. जिवंत मासे तर आहेतच, पण देवमाशाचा अजस्र सांगाडा पाहिल्यावर मुलांचे प्रश्न घरी येईपर्यंत संपत नाहीत. हे केंद्र दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाचे आहे. थिबा राजवाडा ब्रह्मदेशाच्या पदच्युत राजासाठी 1910 च्या सुमारास बांधला गेला. इंग्रजांनी 1885 मध्ये त्याचे राज्य घेतले आणि 1916 मध्ये तो येथेच वारला. सहा-सात वर्षांच्या मुलाला ही गोष्ट सांगत वाडा दाखवता येतो. त्याहून लहान मुलांना मोकळ्या आवारात अधिक रस असतो. तेथील संग्रहालयासाठी सोमवार टाळून जावे. रत्नदुर्गावर भगवती मंदिराजवळपर्यंत वाहन जाते, म्हणून तो चार वाजल्यानंतर सहज जमतो, पण तटाजवळ मुलाचा हात सोडू नये.

आता जेवणाविषयी, कारण बहुतेक सहली तेथेच बिघडतात. कोकणातील घरगुती खानावळीत पदार्थ तयार करून ठेवलेले नसतात. किती माणसे येणार हे कळल्यावर मासळी आणली जाते आणि तांदूळ चुलीवर चढतो. आदल्या संध्याकाळी, निदान सकाळी नऊपूर्वी, दूरध्वनी करून माणसे, वेळ आणि शाकाहारी-मांसाहारी ताटे सांगून ठेवावीत. साडेबारा ही मुलांसाठी उत्तम वेळ आहे. अडीचनंतर पोहोचणाऱ्यास बहुधा भात संपल्याचे ऐकावे लागते, आणि त्यात खानावळवाल्यांचा काही दोष नाही. याच दूरध्वनीत ‘काकू, बाळासाठी थोडा मऊ भात आणि बिनतिखट वरण कराल का?’ असे विचारावे. ताट वाढल्यानंतर ही मागणी केली तर त्यांचीही अडचण होते. आधी सांगितल्यास भातावर घरचे तूप आणि मेतकूटही न मागता येते. किनाऱ्यालगतच्या मोठ्या उपाहारगृहांत नूडल्स आणि पंजाबी भाज्या मिळतात व मुले ते आनंदाने खातात, हे मान्य आहे. तरी तेथे शनिवार-रविवारी टेबलासाठी ताटकळावे लागते, आणि भुकेल्या मुलाबरोबर थांबण्याइतके अवघड काम दुसरे नाही.

मासे खाण्याची सवय नसलेल्या मुलांना प्रारंभी सुरमईची किंवा पापलेटची तळलेली तुकडी द्यावी. मधला काटा काढला की उरलेला भाग मोठ्या माणसाने बोटांनी चाचपून भाताबरोबर देता येतो. ताज्या बोंबलाचा काटा मऊ असतो. बांगडा स्वस्त आणि चविष्ट असला तरी बारीक काट्यांमुळे तो मोठ्यांच्याच ताटात राहू द्यावा. कोळंबी आणि तिसऱ्या (शिंपल्यांचा एक प्रकार) पहिल्यांदा देताना अगदी थोड्या द्याव्यात आणि अंगावर पुरळ उठत नाही ना, हे पाहावे. 1 जून ते 31 जुलै या काळात यांत्रिक नौकांना मासेमारीची बंदी असते. तेव्हा ताजी समुद्री मासळी दुर्मिळ होते, आणि श्रावणात पुष्कळ ठिकाणी शाकाहारीच जेवण मिळते. शाकाहारी कुटुंबांनी मात्र कोकणात आपली गैरसोय होईल असे मुळीच समजू नये. सकाळी आंबोळी किंवा घावणे, सोबत नारळाची चटणी. दुपारी फणसाची भाजी, कुळथाचे पिठले, आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये ओल्या काजूगरांची उसळ. मुलांना घावणे जवळजवळ नेहमीच आवडतात, कारण ते मऊ असतात आणि गुळाच्या रसाबरोबरही खाता येतात. सोलकढीत हिरवी मिरची आणि लसूण असतो, म्हणून आधी स्वतः चाखून मग द्यावी. उकडीचे मोदक चतुर्थीला सहज मिळतात, इतर दिवशी आगाऊ सांगावे लागतात.

शाकाहारी आणि अगदी निर्धास्त असा एक दिवस हवा असल्यास पावस निवडावे. स्वामी स्वरूपानंदांच्या मठात दुपारी खिचडीचा प्रसाद मिळतो, आवार शांत आणि स्वच्छ आहे, आणि उन्हे उतरल्यावर जवळच्या गणेशगुळ्याच्या किनाऱ्यावर जाता येते. गणपतीपुळ्याला जायचे तर संकष्टी आणि सलग सुट्ट्या सोडून, सकाळी लवकर निघावे. दर्शन झाल्यावर टेकडीची प्रदक्षिणा लहान मुलेही चालतात, आणि जवळच मालगुंडला कवी केशवसुतांचे जन्मघर जुन्या कोकणी घराच्या रूपात जपलेले आहे. ओटी, माजघर आणि पडवी म्हणजे काय, हे शहरातील सदनिकेत वाढलेल्या मुलाला तेथे दाखवता येते.

पावसाळ्यात आमच्या घरची ठरलेली सहल रेल्वेची आहे. रत्नागिरीहून संगमेश्वरपर्यंत सवारी गाडीने गेल्यास वाटेत करबुडे येथील साडेसहा किलोमीटर लांबीचा बोगदा लागतो. डब्यात दिवे लागतात, खिडकीबाहेर काळोख होतो आणि मुले तो संपेपर्यंत अंक मोजत राहतात. पावसाळ्यात कोकण रेल्वेचे वेळापत्रक वेगळे असते, त्यामुळे परतीच्या गाडीची वेळ पाहूनच निघावे आणि डबा घरूनच न्यावा. पाऊस सरल्यानंतर उक्षी येथील कातळशिल्प पाहण्यासारखे आहे : जांभ्याच्या सड्यावर, म्हणजे उघड्या खडकाळ पठारावर, आडवा कोरलेला प्रचंड हत्ती. सोंड कोठे, पाय कोठे, हे शोधण्याचा खेळ मुले स्वतःच सुरू करतात. कोकणातील ही शिल्पे 2022 मध्ये युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत आली. सड्यावर सावली अजिबात नाही, म्हणून नवाच्या आत परतावे.

मुक्कामाची तयारी असल्यास फेब्रुवारीअखेर ते एप्रिलमध्ये मंडणगड तालुक्यातील वेळासला जावे. ऑलिव्ह रिडले कासवांची अंडी तेथे कुंपणात जपली जातात आणि साधारण 45 ते 55 दिवसांनी बाहेर आलेली पिल्ले सकाळ-संध्याकाळ समुद्राकडे सोडली जातात. त्या दिवशी पिल्ले निघतीलच असे नाही, हे मुलांना आधीच सांगून ठेवावे. राहणे आणि जेवणे गावातील घरांतच होते. दक्षिणेकडे जायचे असेल तर सावंतवाडीच्या चितार आळीतील लाकडी खेळणी आणि कुडाळजवळच्या पिंगुळीतील ठाकर समाजाच्या कळसूत्री बाहुल्या एकाच फेरीत होतात. मालवणचा सिंधुदुर्ग किल्ला होडीने गाठावा लागतो. मुलाच्या मापाचे जीवरक्षक जाकीट नसेल तर ती होडी सोडून द्यावी. पावसाळ्यात ही वाहतूक बंद असते.

मे महिन्यात बागांमध्ये जाल तेव्हा झाडाखाली पडलेल्या काजूच्या हिरव्या बिया मुलांना उचलू देऊ नका. टरफलातील चिकाने कातडी भाजते आणि डाग बरेच दिवस राहतात. आंब्याच्या देठाच्या चिकाचेही तसेच आहे, तेव्हा फळ धुऊनच हातात द्यावे. मेमध्ये आणि नाताळच्या आठवड्यात मुंबई-पुण्याची गर्दी किनाऱ्यांवर लोटते. त्या दिवसांत रविवारऐवजी मंगळवार-बुधवारची एखादी रजा काढणे शक्य असेल तर काढावी, आणि खानावळीला दोन दिवस आधी कळवावे.