गृहभेट मे महिन्यात करू नका

बालगृहातली मुलं परत घरी पाठवायच्या कामात नव्याने आलेल्यांसाठी लिहितेय. सीडब्ल्यूसी (बालकल्याण समिती), डीसीपीयू (जिल्हा बाल संरक्षण कक्ष), आयसीपी (प्रत्येक मुलाचा वैयक्तिक काळजी आराखडा) हे तुम्हाला माहीत असणारच, संस्था हा शेवटचा पर्याय असं २०१५ चा जेजे अ‍ॅक्ट, म्हणजे बाल न्याय कायदा, म्हणतो हेही पाठ असेल. मी जिथे आपटले तेवढंच सांगते.

आमच्या बालगृहात खरोखर अनाथ मुलं बोटांवर मोजण्याइतकी, बाकी प्रत्येकाचं कुणी ना कुणी होतंच, म्हणून मला वाटलं आता भराभर सगळे घरी जातील. दापोलीकडचा एक दहा वर्षांचा मुलगा होता, बाप वारलेला, आईने दुसरं लग्न केलेलं, घरी आजी आणि मामा. मी गेले मे महिन्यात. मामा ट्रॉलरवर खलाशी, हातात पैसे, आजीला काजू-आंब्याची मजुरी, मुंबईचे चाकरमानी आलेले, घर भरलेलं, पोरगं अंगणात फणसाचे गरे खातंय. मी दोन पानी रिपोर्ट लिहिला, समितीने ऑर्डर दिली, आणि खरं सांगते, मला जाम भारी वाटलं.

आता नीट ऐका. १ जूनला बोटी बंद होतात त्या ३१ जुलैपर्यंत. मामाने मालकाकडून उचल आधीच घेऊन संपवलेली, तो घरी बसला आणि प्यायला लागला. बागेतलं काम संपलं. कौलं गळायला लागली. वाडी आणि शाळेच्या मधे वहाळ, साकव वाहून गेलेला, त्यामुळे आठवड्यातले तीन दिवस शाळा बुडायची. आणि मूल घरी सांभाळण्यासाठी सरकारच्या मिशन वात्सल्य योजनेतून मिळणारे महिना ४००० रुपये, ज्याच्या भरवशावर मी सगळ्यांना शब्द दिला होता ते सुरूच झाले नव्हते, कारण आधार आणि शाळेच्या दाखल्यावरच्या नावात एका अक्षराचा फरक. गणपतीच्या आत पोरगं परत संस्थेत. दोन दिवस कुणाशी बोललं नाही, पिशवीसुद्धा उघडली नाही. दुसऱ्यांदा घर सुटणं पहिल्यापेक्षा वाईट असतं आणि ते माझ्यामुळे झालं, हे अजून जात नाही डोक्यातून.

म्हणून कोकणात घर बघायचं तर जुलैत बघा. छत्री घ्या, शाळेपर्यंत पोरासारखं चालत जा, चुलीवर काय आहे ते बघा, उचल किती घेतलीय ते स्पष्ट विचारा. उत्पन्नाचा दाखला, बँक खातं, आधार हे सगळं मूल संस्थेत असतानाच करून ठेवा, ‘ऑर्डर झाली की बघू’ म्हणणाऱ्या सीनियरचं ऐकू नका. एसी हॉलमधल्या ट्रेनिंगांपेक्षा मला आमच्या स्वयंपाकाच्या मावशींनी जास्त शिकवलं, कुठलं पोर कुणाच्या आठवणीने जेवत नाही हे त्यांनाच माहीत असतं, फाईलमध्ये ते कुठेच नसतं.

स्टाफ विरोध करेल. अनुदान मुलांच्या आकड्यावर, मुलं कमी झाली तर आपल्या नोकरीचं काय ही त्यांची भीती खोटी नाही, त्यांना खलनायक करू नका. त्यांच्यातलीच एक काळजीवाहक आता माझ्यासोबत फॉलोअपला येते आणि माझ्यापेक्षा चांगलं बोलते. देणगीदार मात्र अवघड, त्यांना वाढदिवसाला रांगेत बसलेली मुलंच लागतात.

घाबरू नका पण. एखादी केस फसली म्हणजे तुम्ही नालायक असं नाही. फक्त फाईल बंद करू नका.

तो मुलगा पुढच्या वर्षी गेला, यावेळी आत्याकडे. मी जुलैतच बघून आले होते, घर लहान, पण शाळा वहाळाच्या अलीकडे, आणि आत्याकडे पावसाळ्यात विकायला सुकी मासळी भरून ठेवलेली. पैसे आधी सुरू झाले, मग मूल गेलं. परवा फोनवर म्हणाला, “ताई, ऑगस्टात आलीस तर संध्याकाळी ये, बोटी सुटल्या की आत्या दिवसभर जेटीवर असते.”