४५ अंशांतून ३२ अंशांत: मलेशियाच्या अभ्यासदौऱ्याची बॅग भरताना

"आपण जळगावचा मे काढतो, तिथले ३२ अंश म्हणजे आपल्याला हिवाळाच." दौऱ्याची यादी लागली की होस्टेलवर कोणीतरी हे म्हणतंच. मग बॅगही त्याच हिशेबाने भरली जाते: जाड सुती शर्ट, दोन जीन्स, लेदरचे बूट, एक ब्लेझर आणि उरलेल्या जागेत घरून आलेला खाऊ. केळी आणि फळबागांच्या अभ्यासासाठी आमची बॅच क्वालालंपूरजवळ महिनाभर राहून आली. आता पुढची बॅच निघणार, आणि तिच्या ग्रुपवर काय न्यायचं, काय नको, हे तेच प्रश्न सुरू झालेत, म्हणून एकदाच सविस्तर लिहितो.

आधी ते ३२ अंश. घरचा कूलर आठवा. मे महिन्यात वाळ्याची जाळी ओली केली की खोली अर्ध्या तासात गार पडते. तोच कूलर जुलैत लावला तर अंगावर नुसता चिकट वारा येतो, कारण हवाच ओली असते आणि जाळीतलं पाणी वाळत नाही. आपलं अंगही असंच गार होतं. एक लिटर घाम वाळताना साधारण ५८० किलोकॅलरी उष्णता अंगातून घेऊन जातो, पण त्यासाठी तो वाळायला हवा. नुसता ठिबकला तर उपयोग शून्य. हवामानशास्त्राच्या प्रॅक्टिकलला कोरडा आणि ओला (फुग्यावर ओलं कापड गुंडाळलेला) असे दोन थर्मामीटर वाचलेत ना? पाणी वाळून किती गारवा मिळू शकतो ते ओला दाखवतो. हवा ४५ अंश आणि आर्द्रता १५ टक्के असेल तर ओला थर्मामीटर २४ च्या आसपास थांबतो. हवा ३२ अंश आणि आर्द्रता ७० टक्के असेल तर तोच २७ च्या वर जातो. म्हणजे तिथल्या ३२ मध्ये घामाला अंग गार करणं आपल्या ४५ पेक्षा अवघड जातं. आणि तिथे रात्रही सुटका देत नाही. आपल्याकडे गच्चीवर झोपलं की पहाटे चादर ओढावी लागते. तिथे पारा जेमतेम २४-२५ पर्यंत उतरतो आणि हवा तशीच ओली राहते. क्वालालंपूर विषुववृत्तापासून तीन अंशांवर आहे, त्यामुळे जानेवारीत जा नाहीतर जूनमध्ये, गरमीत फारसा फरक नाही. फरक पडतो तो पावसात.

यातून पहिली गोष्ट निघते ती रुमालाची. इथे उन्हात निघताना आपण तोंड, कान, मान सगळं बांधून घेतो, मुली स्कूटीवर सनकोट घालतात, आणि ते बरोबरच आहे. लू वाहते तेव्हा बाहेरची हवा आपल्या कातडीपेक्षा गरम असते, म्हणून झाकलेलं बरं. तिथे हवा कातडीपेक्षा थंड पण ओली असते. तिला अंगापर्यंत पोचू द्यायचं असतं. तोंड गुंडाळून तिथे दहा मिनिटं चाललात तर आत वाफ कोंडते. सनकोट आणि मोठे रुमाल घरी ठेवा. घाम पुसायला दोन-तीन छोटे नॅपकिन आणि उन्हाला कडा असलेली टोपी एवढं पुरतं.

आता कपडे. "उन्हाळ्यात सुतीच घाला" हे आपल्याकडे इतकं ठाम आहे की त्यावर कोणी शंका काढत नाही. खान्देशात सुती कापड घाम शोषतं आणि कोरडी हवा तो लगेच उडवते. तिथे सुती कापड घाम शोषतं आणि धरून बसतं. सकाळी आठला घातलेला जाड सुती शर्ट दुपारपर्यंत पाठीला चिकटलेला, जड आणि खारट पांढऱ्या रेघांचा झालेला असतो. म्हणून बहुतेक टी-शर्ट खेळाडू घालतात तसल्या पातळ, चटकन वाळणाऱ्या कापडाचे घ्या. जळगावच्या कोणत्याही स्पोर्ट्सच्या दुकानात मिळतात, ब्रँडची गरज नाही. सुतीच हवं असेल तर मलमलीसारखं पातळ, विरळ विणीचं आणि एक साइज सैल घ्या. लिनन उत्तम, पण चुरगळतं आणि महाग. रंग गडद नाहीतर बारीक छापाचा घ्या. फिक्या निळ्या आणि राखाडी रंगावर घामाचा डाग लांबून दिसतो.

जीन्सबद्दल वेगळं सांगतो, कारण एकाही पोराचं ऐकायचं मन नसतं. इथे एप्रिलमध्ये जीन्स पिळून तारेवर टाकली तर चहा पिऊन येईपर्यंत खालचे पायसुद्धा वाळतात. आमच्यातल्या रावेरच्या एकाने तिथल्या खोलीत जीन्स धुऊन दारामागे टांगली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कमरेची पट्टी आणि खिशांचे कोपरे ओलेच होते. तिसऱ्या दिवशी जीन्स वाळली, पण तिला असा कुबट वास लागला की परत धुवावी लागली. शिवाय घट्ट जीन्समध्ये मांड्यांच्या आत घाम अडकतो आणि चालून चालून कातडी सोलवटते. दोन पातळ ट्राउझर आणि शेतात जायला एक ट्रॅकपँट न्या. जीन्स नेलीच तर एक, आणि ती फक्त विमानात घालायला.

कपड्यांचे जोड कमी, धुणं जास्त, असं गणित ठेवा. पाच-सहा टी-शर्ट महिन्याला पुरतात, पण आतले कपडे आणि मोजे त्याच्या दुप्पट हवेत, कारण ते दिवसातून दोनदा बदलावे लागतात. होस्टेलमध्ये बहुधा नाणी टाकून चालणारी वॉशिंग मशीन असते आणि शेजारी ड्रायर. ड्रायरचे पैसे वाचवू नका. नायलॉनची बारीक दोरी आणि दहा-बारा चिमटे घरून घेऊन जा. कपडे पंख्याखाली, एकमेकांना न चिकटवता टांगा.

ओलं अंग आणि ओले कपडे यांचा पुढचा मुक्काम घामोळं आणि गजकर्ण. जांघेत, काखेत खाज सुटली की लाजून गप्प बसू नका. क्लोट्रिमॅझोल या बुरशीवरच्या औषधाची पावडर आणि मलम डॉक्टरांना विचारून आधीच घेऊन ठेवा. मेडिकलवरून "खाजेची ट्यूब द्या" म्हणून जी मिश्र मलमं मिळतात त्यांत बऱ्याचदा स्टेरॉइड असतं. दोन दिवस बरं वाटतं आणि मग गजकर्ण दुप्पट पसरतं. ट्यूबवर काय लिहिलंय ते वाचा. नेहमीच्या गोळ्या असतील तर मूळ पाकिटात आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीसह ठेवा.

मुलींच्या कपड्यांबद्दल आमच्या बॅचमधल्या मुलींनी लिहून दिलं ते असं: लेगिंग नको, पलाझो किंवा सैल सलवार हवी. कुर्ती गुडघ्यापर्यंतची, पातळ, अस्तर नसलेली. एक सुती ओढणी मात्र नक्की हवी, कारण ती तीन कामं करते: एसीत अंगावर घ्यायला, प्रार्थनास्थळी डोकं-खांदे झाकायला आणि अचानक पाऊस आला तर बॅगेवर टाकायला. तिथल्या मलय बायका घालतात तो बाजू कुरुंग म्हणजे सैल लांब झगा आणि खाली तितकाच सैल स्कर्ट. त्या हवेत वर्षानुवर्षं राहणाऱ्यांनी काय निवडलंय ते बघूनच खरेदी करा, असं या मुलींचं म्हणणं, आणि मला ते पटतं.

ब्लेझर नेऊ नका. सांगता समारंभाला लागेल म्हणून प्रत्येकजण नेतो आणि महिनाभर तो कपाटात बुरशी धरतो. मलेशियात पूर्ण बाह्यांचा बाटिक (मेण लावून रंगवलेल्या नक्षीच्या कापडाचा) शर्ट औपचारिक पोशाख म्हणून चालतो. सरकारी कर्मचारी गुरुवारी बाटिक घालतात. एक तिथेच विकत घ्या, नंतर गावाकडच्या लग्नातही मिरवता येईल.

याउलट एक पातळ जॅकेट किंवा स्वेटशर्ट न विसरता घ्या. लेक्चर हॉल, बस, मॉल, सगळीकडे एसी इतका थंड ठेवतात की घामाने भिजलेल्या शर्टात तुम्ही कुडकुडता. सॅकमध्ये एक कोरडा टी-शर्ट ठेवायचा आणि शेतातून आल्यावर लेक्चरला बसण्याआधी बदलायचा, ही सवय पहिल्या दिवसापासून लावा. सर्दी-खोकल्याने आडवे झालेले सगळे या गार-गरमच्या फेऱ्यांतलेच होते.

विद्यापीठांच्या आवारात हाफ पँट, स्लिपर, बिनबाह्यांचे कपडे चालत नाहीत. सरकारी कचेऱ्यांतही गुडघे झाकलेले हवेत. सुट्टीच्या दिवशी बहुतेक सगळे बाटू गुहांना जातात. मुरुगनच्या, म्हणजे कार्तिकेयाच्या, देवळापर्यंत २७२ पायऱ्या आहेत आणि तोकडे कपडे असतील तर खाली सारोंग, म्हणजे लुंगीसारखं कापड, भाड्याने घेऊन गुंडाळावा लागतो. सकाळी लवकर जा. आणि माकडांसमोर पिशवी उघडू नका.

पावसाला छत्रीच न्या, रेनकोट नको. तिथला पाऊस बहुधा दुपारनंतर विजांसह कोसळतो आणि तासा-दीड तासात थांबतो. रेनकोटमध्ये बाहेरून कोरडे राहाल, आतून घामाने भिजाल. पासपोर्ट आणि कागद झिपच्या प्लास्टिक पिशवीत ठेवा.

खाण्याची बॅग हा घरातल्या मंडळींचा प्रांत. आमची अमळनेरची आजी शेवटपर्यंत एकच विचारत होती, "तठे खावाले काय भेटी रे?" खूप काही मिळतं. क्वालालंपूरमध्ये तमिळ आणि तमिळ मुस्लिम लोकांची हॉटेलं जागोजागी आहेत. डोसा, डाळीसोबत रोटी चनाई (मैद्याचा पदरी पराठा), भात-भाजी सहज मिळते. शाकाहाऱ्यांनी एवढंच लक्षात ठेवावं की तिथल्या सांबलमध्ये (मिरचीच्या चटणीत) आणि कितीतरी पालेभाज्यांतही बेलाचन, म्हणजे सुकवलेल्या बारीक कोळंबीचा गोळा घातलेला असतो. मांस नाही एवढं विचारून भागत नाही, बेलाचन आहे का तेही विचारा. एवढं जपलं तर खायला भरपूर मिळतं, त्यामुळे दहा किलो फराळ नेण्यात अर्थ नाही. शिवाय डबा उघडला की शेव संध्याकाळपर्यंत सादळते. न्यायचीच तर पाव-पाव किलोची छोटी सीलबंद पाकिटं करा आणि एकेक फोडा. प्रवासात दशम्या आणि शेंगदाण्याची कोरडी चटणी. काळा मसाला थोडा न्या. शेवभाजीची आठवण दुसऱ्या आठवड्यात हमखास येते.

मसाल्यावरून दोन गोष्टी. सुक्या खोबऱ्याच्या वाट्या विमानाच्या चेक-इन बॅगेत चालत नाहीत, तेलामुळे ते पेट घेणारं मानतात. घरी मसाला करा म्हणून कोणी वाट्या दिल्या तर परत करा. आणि परतताना सिंगापूरला थांबणार असाल तर खसखस घातलेला मसाला सोबत ठेवू नका. तिथे खसखशीवर कडक निर्बंध आहेत.

पॉवर बँक हातातल्या बॅगेत, चेक-इनमध्ये नाही. तिथले सॉकेट तीन चपट्या चौकोनी पिनांचे असतात, आपला प्लग बसत नाही. दोघा-तिघांत मिळून एक अडॅप्टर आणि घरचा एक्स्टेंशन बोर्ड नेला की सगळ्यांचे फोन चार्ज होतात. व्होल्टेज आपल्यासारखंच, वेगळं यंत्र लागत नाही.

पोचल्यावर पहिला आठवडा दुपारी मुद्दाम कमी काम करा. अंगाला त्या हवेची सवय व्हायला आठवडा-दोन आठवडे लागतात, खान्देशी असलात तरी. घाम खूप जातो आणि ताक कुठे दिसत नाही, म्हणून ओआरएसची दहा पाकिटं ठेवा. एक पाकीट एक लिटर पाण्यात. ग्लासभर पाण्यात पूर्ण पाकीट ओतू नका.

शेवटी बूट, आणि केळीवाल्यांनी हे नीट वाचा. लेदरला तिथे आठवड्याभरात हिरवट-पांढरी बुरशी येते, माझ्या बेल्टवरही आली होती. जाळीच्या कापडाचे दोन जोड घ्या आणि आलटून पालटून घाला. ओला जोड वर्तमानपत्राचे बोळे कोंबून ठेवा. शेतात जायचा वेगळा गमबूट तिथेच विकत घ्या. बागेत पूर्ण बाह्यांचा पातळ शर्ट घाला आणि डासांचं मलम लावा, कारण डेंगीचा डास दिवसा चावतो.

तो गमबूट परत आणू नका. केळीचं झाड वाळवून मारणाऱ्या पनामा मर रोगाच्या बुरशीची टीआर-४ ही जात मलेशियात आहे. ती बुरशी मातीत वर्षानुवर्षं टिकते, आणि बुटाच्या खाचेत अडकलेल्या चिमूटभर मातीतूनही नव्या शेतात जाऊ शकते. रावेर-यावलच्या बागांमध्ये ती पोचली तर काय होईल ते तुम्हाला सांगायला नको. तिथल्या बागेत वापरलेले गमबूट, दोरी, कोयता काहीही सोबत आणायचं नाही. ट्रॅकपँटचे पाय गरम पाण्यात धुवा, सॅकचा तळ झटका, आणि कंद, रोप, बी कोणी भेट दिलं तरी हात जोडून नाही म्हणा. मित्राने मागवलं असेल तर त्यालाही.