इन्सुलिन घेऊनही साखर चढतेय? डोस वाढवण्याआधी या चुका टाळा

आईची उपाशीपोटीची साखर काही केल्या दोनशेच्या खाली येत नव्हती. डोस दोन-दोन युनिटांनी चढत गेला आणि घरात रोज तिची उलटतपासणी, "काय खाल्लंस?" शेवटी एका सिस्टरनी तिच्या पोटावरून बोटं फिरवली. बेंबीच्या डावीकडे लिंबाएवढा फुगवटा लागला. "रोज इथंच टोचता ना?" आई म्हणाली, "इथं दुखत नाही हो."

सगळी गोम तिथंच होती. एकाच जागी सुई जात राहिली की कातडीखालची चरबी फुगून गाठ धरते. तिथं टोचल्यावर दुखत नाही, पण इन्सुलिन रक्तात कधी उशिरा पोचतं, कधी कमी. रक्तातली साखर स्नायूंच्या आणि चरबीच्या पेशींत शिरू देणं आणि यकृताला साखर सोडण्यापासून आवरणं, ही त्याची कामं. ते गाठीतच अडकलं तर पथ्य पाळूनही आकडा हलत नाही. म्हणून दर वेळी आधीच्या जागेपासून बोटभर सरका. पोट, मांड्या आलटून पालटून घ्या. पण गाठ सोडून चांगल्या जागी टोचायला लागण्याआधी डॉक्टरांना सांगा. वाढवलेला डोस तिथं पुरता लागू पडतो आणि साखर एकदम घसरू शकते. आईचा डोस उतरवावाच लागला.

सिरिंजची गफलत याहून धोक्याची. आपल्याकडे कुपीतलं इन्सुलिन बहुधा एका मिलिलिटरला ४० युनिटचं असतं, १०० चंही मिळतं. ४० ची सिरिंज लाल टोपणाची, १०० ची नारिंगी. १०० च्या कुपीला लाल टोपणाची सिरिंज वापरली तर १० युनिटच्या खुणेपर्यंत भरलेलं औषध प्रत्यक्षात २५ युनिट भरतं. उलट झालं तर ४ च. मेडिकलवाला "चालतं हो" म्हणाला तरी दोन्हींवरचे आकडे स्वतः जुळवून बघा.

दुधाळ दिसणारं मिक्स इन्सुलिन खसाखसा हलवू नका. तळहातांत हळू घोळवून एकसारखं करा. न उघडलेली कुपी फ्रीजमध्ये, पण बर्फाच्या कप्प्यापासून लांब. एकदा गोठलेलं इन्सुलिन वितळलं तरी टाकूनच द्यायचं. फ्रीज नसेल तर मातीच्या मडक्याभोवती ओली वाळू घालून आत डबीत कुपी ठेवता येते. विदर्भातल्या मे महिन्यात तर एवढं करायलाच हवं.

"आज एकादशी, जेवण नाही, मग इन्सुलिन कशाला?" हे मी बऱ्याच घरांत ऐकलंय. जेवणाआधीचं इन्सुलिन न जेवता घ्यायचं नाही, हे खरंच. पण दिवसभर पुरणारं इन्सुलिन जेवणासाठी नसतंच. तुम्ही उपाशी असलात तरी यकृत साखर सोडतच असतं. त्या दिवसाचा डोस आदल्या दिवशीच विचारून घ्या. टाइप १ मधुमेह, म्हणजे शरीरात इन्सुलिन जवळजवळ तयारच होत नाही तो प्रकार, असेल तर इन्सुलिन पूर्ण बंद करणं जिवावर बेतू शकतं. आणि साबुदाण्याची खिचडी म्हणजे मुख्यतः पिष्टच, तिला उपास म्हणायचं की नाही ते तुम्हीच ठरवा!

घाम, थरथर, छातीत धडधड झाली आणि साखर ७० च्या खाली दिसली, तर पेढा शोधत बसू नका. खव्यातल्या स्निग्धांशामुळे साखर रक्तात उतरायला वेळ लागतो. चहाचे तीन चमचे साखर पाण्यात ढवळून द्या, १५ मिनिटांनी परत तपासा. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नका, थेट दवाखाना गाठा. आईच्या पर्समध्ये आता साखरेची पुडी असते, चष्म्याच्या घराला रबरबँडनं बांधलेली.