प्रवाळांच्या मायटोकॉन्ड्रियल जीनोमवर प्रोजेक्ट करताय? या चुका टाळा

सोलापुरात समुद्राचा मागमूस नाही, तरी एमएस्सीच्या प्रोजेक्टला प्रवाळ घेणारी मुलं दरवर्षी भेटतात. कारण साधं आहे. मायटोकॉन्ड्रियाच्या (पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या भागाच्या) स्वतंत्र डीएनएचे क्रम जेनबँकेत, म्हणजे सर्वांना खुल्या डीएनए-साठ्यात, फुकट मिळतात आणि काम लॅपटॉपवर भागतं. मग उन्हं तापायला लागली की माझ्याकडे फेऱ्या सुरू होतात: "सर, जनुकाच्या मध्येच स्टॉप कोडॉन येतोय. फाईल खराब आहे का?"

फाईल बरी असते. कोडॉन म्हणजे डीएनएची तीन अक्षरं: त्यांतून एक अमिनो आम्ल ठरतं, नाहीतर 'थांबा' ही खूण. कोणत्या कोडॉनचा काय अर्थ, याचे तक्ते असतात, आणि सॉफ्टवेअरमध्ये तक्ता 2, म्हणजे पृष्ठवंशीयांचा, तसाच राहिलेला असतो. त्यात एजीए आणि एजीजी म्हणजे 'थांबा'. प्रवाळांत त्यांचाच अर्थ आर्जिनीन हे अमिनो आम्ल. तक्ता 1 ठेवलात तर टीजीएपाशी गाडी अडते, आणि प्रवाळांत तो ट्रिप्टोफॅन असतो. तक्ता 4 निवडा. एका पठ्ठ्याने तीन दिवस बसून सगळे 'चुकीचे' कोडॉन हाताने खोडले होते. त्याहून वाईट गोष्ट एटीएची: तक्ता 2 त्याला मेथिओनीन म्हणतो, तक्ता 4 आयसोल्युसीन. इथे काहीच अडत नाही, म्हणून कुणाच्या लक्षातही येत नाही.

दुसरी तक्रार टी-आरएनए (प्रथिन बांधायला अमिनो आम्लं आणून देणारे रेणू) हरवल्याची. माणसाच्या मायटोकॉन्ड्रियात 22 टी-आरएनए जनुकं आहेत, म्हणून इथेही तेवढीच शोधतात. दगडी प्रवाळ आणि सी-ॲनिमोन ज्या गटात येतात त्या षट्प्रवाळांत सहसा दोनच सापडतात, मेथिओनीनचं आणि ट्रिप्टोफॅनचं. अष्टप्रवाळांत (मऊ प्रवाळ वगैरेंच्या गटात) तर फक्त मेथिओनीनचं. बाकीचे टी-आरएनए पेशीतून आत येतात. प्रोग्रामची अट सैल करून ती 'शोधून' काढू नका; जे सापडेल तो कचरा असेल.

एनएडी5 हे जनुक दोन तुकड्यांत दिसलं, तर ते दुप्पट झालंय असं लिहू नका. षट्प्रवाळांत त्याच्या मधोमध एक इंट्रॉन (जनुकाच्या संदेशातून नंतर वगळला जाणारा तुकडा) बसतो आणि त्या इंट्रॉनच्या पोटात दुसरी जनुकं नांदतात. मेट्रिडियम या सी-ॲनिमोनमध्ये दोन, दगडी प्रवाळांत बरीच जास्त. दोन्ही टोकं जोडली की जनुक पूर्ण होतं.

आता खरी गोम. सीओएक्स1 या जनुकाच्या 658 अक्षरांवरून प्रजाती ओळखायची सवय माश्या आणि मासे यांच्यापुरती ठीक आहे. प्रवाळांचा मायटोकॉन्ड्रियल डीएनए इतका सावकाश बदलतो की जवळच्या दोन प्रजातींचे क्रम अनेकदा अक्षरशः एकच निघतात. मग वंशवृक्ष फणीसारखा सपाट येतो आणि विद्यार्थी स्वतःला दोष देतो. दर दहा लाख वर्षांना 2 टक्के हे इतर प्राण्यांवरून घेतलेलं घड्याळ इथे लावलंत, तर काळाचे आकडे साफ फसतात.

अष्टप्रवाळांच्या मायटोकॉन्ड्रियात म्यूटएस नावाचं जास्तीचं जनुक आहे. 1995 मध्ये ते सार्कोफायटॉन या मऊ प्रवाळात सापडलं. त्याच्या कुळातली प्रथिनं डीएनएमधली न जुळणारी अक्षरं हेरतात, विणलेल्या चादरीतला चुकलेला धागा बोटाने हेरावा तशी. म्हणून 'बदल संथ, कारण म्यूटएस' असं सगळे लिहून मोकळे होतात. पण षट्प्रवाळांत ते जनुक नाही, तरी तेही संथच! अष्टप्रवाळांच्या प्रजाती ओळखायला मात्र म्यूटएस सीओएक्स1पेक्षा बरं. जोडीला पेशीच्या केंद्रकातलं 28एस हे जनुक घ्या.

वंशवृक्षावर लगेच विश्वास ठेवू नका, हेही आलंच. 2006 मध्ये मायटोकॉन्ड्रियल क्रमांवरून असं मांडलं गेलं की सांगाडा नसलेले कोरॅलिमॉर्फ हे दगडी प्रवाळांतूनच, सांगाडा गमावून, निघाले. पुढे केंद्रकातल्या शेकडो जनुकांनी दगडी प्रवाळांचा गट वेगळा आणि एकसंध असल्याचं दाखवलं.

नावावर जाऊ नका. सराफाकडचं लाल पोवळं अष्टप्रवाळ आहे. आगप्रवाळ मिलेपोरा तर हायड्राच्या गोतावळ्यातला, आणि त्याचा मायटोकॉन्ड्रियल डीएनए गोल नसून सरळ. त्याला जबरदस्तीने वर्तुळात जोडू नका.

आणि मालवणच्या सहलीतून 'नमुना' म्हणून प्रवाळाचा तुकडा खिशात घालून आणू नका. दगडी प्रवाळांना 1972 च्या वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीचं संरक्षण आहे. शिवाय त्या तुकड्यात राहणाऱ्या शैवालांचा डीएनए तुमच्या क्रमात मिसळेल, ते वेगळंच.