मोठ्या माशांसाठी मोठी टाकी: काच कापायला देण्याआधी

दुकानातलं ऑस्कर या माशाचं पिल्लू दोन इंचांचं असतं. मी पहिल्यांदा दोन आणली ती तीन फूट लांब आणि एक फूट रुंद टाकीत. दहा महिन्यांत दोघं दहा-दहा इंचांचे झाले. वळताना तोंड पुढच्या काचेला आणि शेपटी मागच्या काचेला घासायची. बघवत नसे. टाकीच्या मापाने मासा लहान राहतो, असं तेव्हा सगळेच सांगायचे. राहत नाही. वाढ खुंटली तर ते तब्येत बिघडल्याचं लक्षण असतं.

म्हणून आधी मासे ठरवा आणि टाकीचं माप त्यांच्यावरून काढा.

१. माशांची यादी, पूर्ण वाढीच्या मापासकट

ऑस्कर एक फुटाचा होतो. सिल्व्हर डॉलर सहा इंचांचा, टिनफॉइल बार्ब फुटापर्यंत. सिल्व्हर अरोवाना अडीच ते तीन फुटांचा होतो. तो वास्तूसाठी म्हणून घेतला जातो आणि चार फुटी टाकीत अडकतो. 'शार्क' म्हणून विकला जाणारा पंगासियस आणि रेडटेल कॅटफिश तीन फुटांच्याही पुढे जातात. हे दोन घरच्या टाकीसाठी घेऊच नका. मग झेपले नाहीत की ते नदीत किंवा तलावात सोडले जातात, आणि तिथल्या मूळच्या माशांना त्याचा त्रास होतो.

जोडी जमवताना स्वभाव, तोंड आणि पाणी या तीन गोष्टी बघायच्या. माझी पसंती दोन ऑस्कर आणि सहा सिल्व्हर डॉलर. दोन्ही दक्षिण अमेरिकेतले, दोघांनाही २५ ते २८ अंशांचं पाणी मानवतं. डॉलरचं अंग ताटलीसारखं उभं आणि रुंद, त्यामुळे ते ऑस्करच्या तोंडात मावत नाही. शिवाय तो चपळ आणि कळपात राहणारा, म्हणून ऑस्करचा राग एकाच माशावर निघत नाही. डॉलर वनस्पती खातो, तेव्हा खऱ्या झाडांचा नाद सोडा. फ्लॉवरहॉर्न मासा या टाकीत नको, तो एकटाच बरा. 'काच साफ करतो' म्हणून सोबत मिळणारा सकरही फुटाच्या वर जातो आणि भरपूर घाण करतो. काच आपल्या हाताने पुसावी.

२. माप

लांबीपेक्षा रुंदीकडे जास्त लक्ष द्या, कारण मासा वळतो रुंदीत. फुटाच्या माशाला दोन फूट रुंदी हवीच, अडीच मिळाली तर उत्तम. वरच्या जोडीसाठी ६ फूट लांब, अडीच फूट रुंद, २ फूट उंच. म्हणजे ३० घनफूट, साधारण ८५० लिटर. उंची दोन फुटांच्या वर नेऊ नका. टाकी दिसते भारी, पण तळापर्यंत हात पोचत नाही.

जिन्याचं वळण, लिफ्ट आणि दार मोजून घ्या. सहा फुटी टाकी लिफ्टमध्ये जात नाही. जिन्यातूनही जात नसेल तर कारागिराला घरीच जोडायला बोलवा.

३. वजन

पाणी ८५० किलो, १२ एमएम काच १४० किलोच्या आसपास, त्यात स्टँड, रेती आणि खालच्या संपचं, म्हणजे टाकीखाली ठेवायच्या फिल्टरच्या पेटीचं, पाणी. एक टनाच्या वर गेलं, तेही जेमतेम दीड चौरस मीटर जागेत. राहत्या घराचा स्लॅब साधारणपणे दर चौरस मीटरला २०० किलो वापराचा भार धरून बांधतात. म्हणून तळमजला सर्वात निर्धोक. वरच्या मजल्यावर टाकी बीमलगत, कॉलमजवळ घ्या आणि स्ट्रक्चरल इंजिनिअरला नकाशा दाखवूनच जागा पक्की करा. बाल्कनीत कधीही नाही.

४. काच आणि जोड

संपसाठीची भोकं काच जोडण्याआधी पाडून घ्या. टफन, म्हणजे तापवून कडक केलेल्या, काचेला कडक केल्यानंतर भोक पडत नाही, ती फुटते. वरच्या कडेला काचेच्या पट्ट्या आणि मधे आडवी पट्टी हवी, नाहीतर लांब काच फुगते. सिलिकॉन बुरशीरोधक औषध नसलेलं, व्हिनेगरसारखा वास येणारं. ते आठवडाभर सुकू द्या. स्टँडची पातळी गवंड्याच्या लेव्हल नळीने तपासा आणि टाकीखाली थर्मोकोलचा शीट घाला. मग काठोकाठ भरून तीन दिवस ठेवा.

५. संप, आणि वीज गेली तर

मोठे मासे घाणही मोठी करतात, त्यामुळे फिल्टर खाली संपमध्येच हवा. पंप असा घ्या की वर चढवून तासाला निदान चार हजार लिटर पाणी फिरेल. हीटरही संपमध्येच लावा, टाकीत ऑस्कर तो ढकलून फोडतो.

आता वीज गेली असं समजा. पंप थांबला की टाकीतलं पाणी पाइपातून उलटं खाली येतं. या टाकीत एक इंच पाणी म्हणजे ३५ लिटर. संपमधून टाकीत पाणी परत आणणाऱ्या पाइपाचं तोंड चार इंच बुडलेलं असेल तर दीडशे लिटरच्या आसपास पाणी संपमध्ये, आणि संप भरलेला असेल तर हॉलमध्ये. तोंड पाण्याच्या पातळीलगत ठेवा, पातळीच्या जरा खाली पाइपाला बारीक भोक पाडा म्हणजे हवा शिरून सायफन तुटतो, आणि संपमध्ये तेवढी जागा रिकामी सोडा. मासे आणण्याआधी पंप बंद करून हे डोळ्यांनी बघा. पुन्हा पुन्हा बघा. इन्व्हर्टरवर निदान एअर पंप चालायला हवा.

६. पाणी बदलायची सोय

आठवड्याला पाव टाकी म्हणजे दोनशे लिटर, पंधरा लिटरच्या तेरा-चौदा बादल्या. दोन महिन्यांत कंटाळा येतो आणि मग मासे भोगतात. बाथरूमपर्यंत निचऱ्याचा पाइप आत्ताच टाकून घ्या. पालिकेच्या पाण्यातलं क्लोरिन काढायला हायपो (सोडियम थायोसल्फेट) वापरा.

७. मासे शेवटी

भरलेली टाकी चार ते सहा आठवडे फिल्टर चालू ठेवून, बिनमाशांची राहू द्या, रोज थोडा अमोनिया घालून. त्यावरच फिल्टरमधले जिवाणू वाढतात. ते अमोनियाचं नायट्राइट आणि त्याचं नायट्रेट करतात. टेस्ट किटवर अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य आले की मोठं पाणी बदला आणि आधी डॉलर सोडा. दोन आठवड्यांनी दोन्ही ऑस्कर एकाच दिवशी, एकाच मापाचे. मागून आलेल्याला पहिला जागा देत नाही.

खायला पेलेट द्या. जिवंत लहान मासे घालू नका, त्यांच्यासोबत रोग येतात. आणि झाकण पहिल्या रात्रीपासून घट्ट हवं, घाबरलेला ऑस्कर उडी मारतो.