‘सल्लागाराने सांगितलं होतं’ हा बचाव अमेरिकेच्या टॅक्स कोर्टात टिकावा म्हणून काय करावं?

टॅक्स शेल्टरमध्ये, म्हणजे कर वाचवण्यासाठी रचलेल्या योजनेत, घेतलेली वजावट आयआरएसने (अमेरिकेच्या कर खात्याने) फेटाळली आणि कोर्टानेही ती उचलून धरली नाही, तर मूळ कर आणि व्याज भरावंच लागतं. सल्लागाराच्या भरवशावर सुटका होऊ शकते ती फक्त दंडातून. तो सहसा कमी भरलेल्या कराच्या २० टक्के असतो. या बचावाची तयारी नोटीस आल्यावर नाही, सही करण्याआधी करायची असते.

२००० सालच्या निओनॅटॉलॉजी असोसिएट्स खटल्यात टॅक्स कोर्टाने तीन प्रश्न ठरवून दिले. सल्लागार खरोखर जाणकार होता का? तुम्ही त्याला पूर्ण आणि खरी माहिती दिलीत का? त्याच्या मतावर प्रामाणिकपणे विसंबलात का?

१. सल्लागाराला पैसे कोण देतं ते आधी पाहा. बहुतेकांचा बचाव इथेच कोसळतो. योजना रचण्यात ज्याचा हात आहे किंवा ती खपली की ज्याचा फायदा होतो, त्याला कोर्ट प्रवर्तक (योजना पुढे रेटणारा) मानतं आणि त्याच्या सल्ल्याला किंमत देत नाही. फीचं पत्र नीट वाचा. वाचवलेल्या कराच्या टक्केवारीत फी असेल, तर तिथून उठा आणि स्वतः शोधलेल्या, योजनेशी संबंध नसलेल्या सल्लागाराकडे जा. मोठ्या नावावर भुलू नका. २००५ साली केपीएमजी या बड्या हिशेब-तपासणी कंपनीने टॅक्स शेल्टर प्रकरणात ४५.६ कोटी डॉलर भरण्याचं कबूल केलं होतं.

२. त्याला सगळे कागद द्या, तोंडी ठरलेल्या गोष्टीही लिहून कळवा.

३. मत लेखी घ्या आणि शेवटपर्यंत वाचा. त्यात बरेचदा एक ओळ असते: ‘नफ्याच्या वाजवी अपेक्षेने गुंतवणूक केल्याचं गुंतवणूकदाराने सांगितलं आहे.’ तुम्ही असं सांगितलंच नसेल किंवा ते खरं नसेल, तर सही करू नका.

४. कर आकारणीची अंतिम नोटीस आली, की टॅक्स कोर्टात जायला ९० दिवस असतात. नोटीस अमेरिकेबाहेरच्या पत्त्यावर आली असेल तर १५०. वकील नवा घ्या, कारण जुना सल्लागार आता साक्षीदार होऊ शकतो. हा बचाव घेतला तर त्याच्याशी झालेले गोपनीय ईमेलही उघड करावे लागू शकतात, म्हणून ते वकिलाला आधीच दाखवा.

पहिल्याच भेटीत आणखी एक गोष्ट विचारा. २०१० च्या कायद्यानुसार व्यवहाराला कर वाचवण्यापलीकडे आर्थिक अर्थच नव्हता असं ठरलं, तर त्यावरच्या दंडाला हा बचाव लागूच होत नाही, आणि विवरणपत्रात व्यवहार उघड केला नसेल तर दंड ४० टक्के होतो. आपलं प्रकरण त्यात बसतं का?