मशीनमुळे नोकरी जातेय? सही करायच्या आधी हे वाचा

पहिली आणि सगळ्यात महत्त्वाची गोष्ट, राजीनामा लिहून देऊ नका. एचआर गोड बोलेल, "रेकॉर्ड क्लीन राहील, पुढच्या कंपनीत प्रश्न नकोत" वगैरे, पण मशीन किंवा सॉफ्टवेअर आल्यामुळे काम गेलं तर मिळणारं जवळपास सगळं संरक्षण "कंपनीने काढलं" या एकाच गोष्टीवर उभं असतं. तुम्ही स्वतःहून सोडलं असं कागदावर आलं की नोटीस, भरपाई सगळं पाण्यात. भारतात तसंच, अमेरिका-ब्रिटनमध्येही तसंच. नंतर "जबरदस्तीने घेतला" म्हणून भांडता येतं, पण ते सिद्ध करताना नाकी नऊ येतात.

दुसरं म्हणजे "ऑटोमेशनचा कायदा" असा वेगळा शोधत बसू नका. ब्राझीलच्या १९८८ च्या राज्यघटनेत ऑटोमेशनपासून संरक्षण हा कामगाराचा हक्क म्हणून सरळ लिहिलाय खरा, पण "कायद्यात ठरेल त्याप्रमाणे" ही शेपटी जोडून. बाकी बहुतेक देशांत तुमचं संरक्षण नोकरकपातीच्या कायद्यात असतं, त्यामुळे रिट्रेंचमेंट, रिडंडन्सी, लेऑफ या शब्दांखाली शोधा.

आता कंपनीने आधी कळवलं होतं का ते बघा. अमेरिकेत १९८८ च्या वॉर्न कायद्यानुसार १०० किंवा जास्त माणसं असलेल्या कंपनीने मोठी कपात करताना ६० दिवस आधी नोटीस द्यायची असते (भरपाई द्याच असं मात्र तो कायदा म्हणत नाही), आणि न्यूयॉर्क राज्यात तर २०२५ पासून त्या फॉर्मवर कपात ऑटोमेशनमुळे आहे का हेही विचारतात. ब्रिटनमध्ये ९० दिवसांत २० किंवा जास्त लोकांना काढायचं असेल तर आधी कामगारांच्या प्रतिनिधींशी बोलणी करावी लागतात. जर्मनीत वर्क्स कौन्सिल (कामगारांनी निवडलेलं कंपनीतलं मंडळ) असेल आणि तिचं म्हणणं न ऐकता काढलं तर ते काढणंच रद्द ठरतं, मला हा नियम सगळ्यात दमदार वाटतो.

भारतातलं जरा सविस्तर, कारण इथे एक कलम लोकांना माहीतच नसतं. २०२० चा औद्योगिक संबंध संहिता कायदा नोव्हेंबर २०२५ मध्ये लागू झाला. त्याच्या तिसऱ्या अनुसूचीत, ज्यामुळे कामगार कमी होण्याची शक्यता आहे असा यंत्रसामग्रीतला किंवा तंत्रातला बदल स्पष्ट लिहिलेला आहे, आणि असा बदल करायच्या २१ दिवस आधी नोटीस द्यावी लागते. म्हणजे नोटीस माणूस काढण्याची नाही, बदलाचीच. ती दिली नव्हती का, हा प्रश्न लेखी विचारा, मेलवर.

मग पैशाचा हिशोब. वर्षभर सलग नोकरी झालेल्या कामगाराला एक महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार, आणि दर वर्षाला १५ दिवसांचा सरासरी पगार. सहा महिन्यांच्या वरचा तुकडा पूर्ण वर्ष धरतात. समजा ९ वर्षं ८ महिने झालेत, तर १० वर्षं धरायची, १५० दिवस, म्हणजे साधारण पाच महिन्यांचा पगार. त्याशिवाय रीस्किलिंग फंडातून (काढलेल्या कामगारांना नवं काम शिकता यावं म्हणूनचा निधी) १५ दिवसांचा पगार ४५ दिवसांत खात्यात यायला हवा. ग्रॅच्युइटी आणि शिल्लक रजेचे पैसे वेगळे, ते यात मिसळून "एवढंच बसतं" असं सांगितलं तर प्रत्येक आकडा सुटा मागा. ३०० किंवा जास्त कामगारांचा कारखाना, खाण किंवा मळा असेल तर सरकारची आधी परवानगीही लागते. वर्षाच्या आत त्यांनी पुन्हा भरती काढली तर आधी तुम्हाला विचारायचं असतं.

"तुम्ही टीम लीड आहात, कामगार नाही" असं तोंडावर फेकतील. पदाच्या नावावर जाऊ नका, रोज प्रत्यक्ष काम काय करता ते बघितलं जातं. मॅनेजर मात्र "कामगार" या व्याख्येबाहेर, म्हणजे वरचे हक्क त्याला नाहीत, आणि महिना १८ हजारांच्या वर पगार असलेला सुपरवायझरसुद्धा. ठरावीक मुदतीचं कॉन्ट्रॅक्ट संपलं तर ती कपात धरत नाहीत.

पुरावे आजपासूनच. नवीन सिस्टिम कधीपासून येणार ते सांगणारा मेल, तुमचंच काम बॉटला शिकवायला लावलं त्या मीटिंगची तारीख, अप्रेझल, पगाराच्या स्लिप्स. विशेषतः आधीचे अप्रेझल चांगले आणि सिस्टिम आल्यावर अचानक "परफॉर्मन्स खराब" निघाला तर तो क्रमच तुमच्या बाजूने बोलतो. पण क्लायंटचा डेटा किंवा गोपनीय फाइल्स स्वतःच्या जीमेलवर पाठवू नका हं, त्याच कारणावरून काढायला आयतं कोलीत मिळेल. तारखा वहीत लिहून ठेवल्या तरी चालतं.

फुल अँड फायनलच्या, म्हणजे शेवटच्या हिशोबाच्या कागदावर "यापुढे काही मागणी नाही" अशी ओळ असतेच असते. घरी नेऊन वाचायला वेळ मागा, आणि पैसे घ्यायचेच असतील तर "हक्क राखून स्वीकारले" असं हाताने लिहून, तारीख टाकून सही करा आणि फोटो काढून ठेवा.

मुदत चुकवू नका. जर्मनीत नोटीस हातात पडल्यापासून फक्त तीन आठवडे असतात कोर्टात जायला, भारतात कामगार खात्याच्या कन्सिलिएशन ऑफिसरकडे (वादात तडजोड घडवणारा अधिकारी) दाद मागायला दोन वर्षं. युनियन असेल तर आधी तिथे जा, नसेल तर एकाच वेळी काढलेले सगळे मिळून एकच वकील करा, खर्चही वाटला जातो आणि सगळ्यांची कागदपत्रं एकमेकांना पुरावा म्हणून कामी येतात.